सुताचं वर्तुळ

ते वर्तुळ करायला मला तीन आठवडे लागले, आणि ते एकदाच कापता येणार होतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. देवळीच्या मुलींच्या शाळेत मी हंगामी शिक्षिका होते. सातवीच्या पोरी वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र पोपटासारखं म्हणायच्या, ‘असं काऊन?’ विचारलं की सगळ्या माना खाली. मला त्याचा भयंकर राग यायचा. मग पोरींनी टकळीवर काढलेल्या सुताच्या मी जाड दोऱ्या वळल्या, त्यांच्या एकात एक बसणाऱ्या कड्या केल्या आणि पितळी थाळीत दाबून बसवल्या. मधोमध कात्री घालायची, कडेपर्यंत एका रेषेत कापत जायचं, मग दोऱ्या सरळ करून मांडायच्या. सगळ्यांत लांब खाली, सगळ्यांत तोकडी वर. झाला त्रिकोण! पाया म्हणजे वर्तुळाचा घेर, उंची म्हणजे त्रिज्या. त्रिकोणाचं क्षेत्रफळ तर पोरींना झोपेतही येत होतं.

त्या वर्षी शाळेत एकच जागा कायम होणार होती. शाळा तपासणारे डिप्टी साहेब दोन हंगामी बायांचे पाठ बघून ठरवणार होते. दुसरी माझ्याच खोलीत राहायची. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, नवऱ्यानं टाकलेली. मी तिला ताई म्हणायचे, आणि नुसती म्हणायचेच नाही, मानायचे. माझं लग्न ठरत होतं. सासरच्यांनी निरोप धाडला होता, नोकरी कायम असेल तर करा, हंगामी असेल तर लग्नाआधी सोडा. हे मी आईलाही नाही, फक्त ताईला सांगितलं.

पाठाच्या आदल्या रविवारी दुपारी ती म्हणाली, “माया तं डोक्यात शिरून नाई राह्यलं वं. पुन्हा सांग ना.” मी पुन्हा सांगितलं. कात्री कुठून घालायची, पोरींना कोणता प्रश्न कधी विचारायचा, कुठं गप्प राहायचं, सगळं. मूर्ख मेली मी! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिला पाठ तिचा होता. तिनं कोन शिकवायचे असं ठरलं होतं. मी मागच्या बाकावर बघायला बसले. तिनं टेबलावरचा रुमाल उचलला. खाली माझी थाळी. तिनं माझी वाक्यं माझ्याच ठिकाणी थांबत म्हटली, आणि कात्री घातली. दोऱ्या सरळ झाल्या तशा पोरी “अय्या!” करून उभ्याच राहिल्या. तीन आठवडे मी त्याच आवाजाची वाट पाहत होते.

साहेब खूश झाले. “कल्पना कोणाची?”

“माझीच, साहेब.”

पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी वळून माझ्याकडं बघायला लागल्या. सूत त्यांचंच होतं ना. मी हातानं खूण केली, समोर बघा. का केली, देव जाणे. नंतर माझा पाठ झाला. फळ्यावर वर्तुळ काढलं, सूत्र लिहिलं, पोरींनी पोपटासारखं म्हटलं.

केसानं गळा कापला, असं मी तिला खोलीवर तोंडावर म्हटलं. ती शांतपणे लुगडं घडी करत होती. “तुयं तं लगन होऊन राह्यलं. तुले पोसनारा येऊन राह्यला. मले कोन हाय?”

तिनं वर्तुळ मागितलं असतं तर मी दिलं असतं, असंही नाही. नसतंच दिलं. पण ती मला जे वाटेल ते म्हणू शकली असती, ‘तुले काय गरज’ सोडून. माझी गरज तिला एकटीला माहीत होती.

महिनाभरात ती कायम झाली आणि मी राजीनामा देऊन नालवाडीला घरी आले. थाळी आणि कापलेल्या दोऱ्या पिशवीत होत्या. आईला मी ताईबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. तिनं एक दोरी उलगडून बघितली. “सूत चांगलं हाय वं, वाती होतीन.”

लग्नात समईला त्याच सुताच्या वाती होत्या. ताई आली होती, आहेर घेऊन, बायकांत अगदी पुढं बसली. समई मंद व्हायला लागली तशी आई तिला म्हणाली, “बाई, जराशी वात सारा ना.”

तिनं वात सारली, तेलाची बोटं पदराला पुसली आणि पुन्हा जागेवर बसली.