डावी बाही

निखिल गेला त्याला आता सात आठवडे झाले. त्याच्या बायकोचा, केटचा, ब्रिस्टलहून फोन आला तेव्हा मी मेडनहेडच्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांचं ब्लड प्रेशर बघत होते. हार्ट अटॅक. वय चव्वेचाळीस. भेटायला येणारे सगळे म्हणतात, नशीब! तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

निखिल माझा मावसभाऊ. मी पुण्याहून इथे इंग्लंडला नोकरीला आले तेव्हा वर्षभर ब्रिस्टलला मावशीकडे राहिले होते. हा पंधरा वर्षांचा, शाळेतून आला की गॅरेजच्या भिंतीवर बेसबॉल आपटत बसायचा. पुढे अमेरिकेतल्या एका कॉलेजनं त्याला शिष्यवृत्ती देऊन नेलं आणि मग दहा-बारा वर्षं तो तिकडच्या छोट्या शहरांच्या संघांत व्यावसायिक रिलीफ पिचर होता. म्हणजे चेंडू फेकणारा पहिला पिचर थकला की आयत्या वेळी ज्याला बोलावतात तो. मैदानाच्या टोकाला कुंपणामागे बसायचं, तिथला फोन वाजला की उठून हात गरम करायचा, आणि बोलावलं नाही तर पुन्हा बसायचं. मी एकच सामना बघितला. त्यात तो तीनदा उठला, तीनदा बसला. मी मॅनेजरला मराठीत मनसोक्त शिव्या घातल्या.

त्या लोकांना निखिल नको होता, त्याचा उजवा हात हवा होता. एकदा त्याला सडकून ताप होता तर टीमच्या डॉक्टरनं खांदा चाचपला, "आर्म गुड? देन यू आर गुड," म्हणाला आणि पाठवलं. निखिल ही गोष्ट हसत सांगायचा. त्यानं त्यांचंच खरं मानलं होतं. झोपायचा तो डाव्या कुशीवर, सामान उचलायचा डाव्या हातानं. जॅकेटमध्ये फक्त उजवा हात घालायचा, म्हणजे तो गरम राहतो; डावी बाही नुसती लोंबायची. खेळ सोडून ब्रिस्टलला परतल्यावरही तसंच. मावशी ओरडायची, "अरे, दोन्ही हात घाल, गारठशील!" आणि मी, डॉक्टर बाई, तिलाच गप्प करायचे. "राहू दे गं मावशी, त्याचा उजवा हात सोन्याचा आहे."

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला फोन केला होता. नेहमीचा प्रश्न विचारला, उजवा खांदा कसा आहे?

"उजवी खांदा एकदम फाइन आहे, ताई." त्याचं मराठी असंच होतं आणि मला ते आवडायचं. मी हसले, मावशीची चौकशी केली, फोन ठेवला.

केटनं नंतर सांगितलं... दोन दिवस त्याचा डावा हात दुखत होता. खांद्यापासून बोटांपर्यंत. ती म्हणाली, ताईंना विचार. तर म्हणाला, "इट्स नॉट माय थ्रोइंग आर्म." कामाचा हात नाही, मग डॉक्टरला कशाला त्रास!

गाढवा, अरे गाढवा! हे वाक्य मला नुसतं ऐकवलं असतंस तर मी तिथल्या तिथे अॅम्ब्युलन्स बोलावली असती. मी त्याच्यावर चिडले आहे. त्या खांदे चाचपणाऱ्यांवर चिडले आहे. आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण तीस वर्षं डॉक्टरकी करून मीही त्यांच्यासारखं उजव्याचंच विचारत राहिले.

मागच्या रविवारी केटनं त्याचं जॅकेट मला दिलं. आत्ता ते माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर आहे. उजवी बाही कोपराला विरलेली, मनगटाशी दोरे निघालेले. डावी अगदी कोरी, दुकानातून आणल्यासारखी. काल मी तिच्यात माझा हात घातला. "दोन्ही हात घाल रे," मोठ्यानं म्हणाले. मावशी बरोबर होती, आणि तिला गप्प मी केलं होतं.