आल्याचा वास

मी लेखक नाही, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा आहे, तेव्हा हे लिहायला बसलो त्याबद्दल आधीच माफ करा. पण आज चहासाठी आलं ठेचताना ती दुपार आठवली. त्या सकाळी आईबरोबर ओलं आलं धुऊन गोण्या भरल्या होत्या. "हात नीट धू रे, वास लय चिकट हाय," ती म्हणाली होती. दोनदा साबण लावूनही तो गेला नाही. नाशिकला भाषाशास्त्राच्या शिष्यवृत्तीची एकच जागा होती. मुलाखतीच्या एसी खोलीचं दार लागलं, खिडक्या बंदच होत्या, आणि वास माझ्याभोवती दाटत गेला. मी हात टेबलाखाली मांड्यांमध्ये दाबून धरले. समोरच्या मॅडम हसल्या. "आलं ना हे? मग जिंजर हा शब्द कुठून आला, तेच सांगा." मला येत होतं. संस्कृतातलं शृंगवेर, शिंगाच्या आकाराचं, ग्रीक-लॅटिनमधून फिरत इंग्रजीत पोचलेलं. पण पुढचा प्रश्न घरावर आणि शेतावर येईल या भीतीने मी म्हणालो, "माहीत नाही, मॅडम." "आठवा. घाई नाही." मी नकारार्थी मान हलवली आणि हात खिशात घालून बाहेर पडलो. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असेल, असं स्वतःला सांगत चार वर्षं काढली. परवा त्या मुलाखतीच्या दाराशी बसणारे शिपाईकाका बाजारात भेटले, त्यांनीच मला ओळखलं. "कुणालाच घेतलं नव्हतं रे," ते म्हणाले. "मॅडमनी महिनाभर जागा तशीच ठेवली. म्हणायच्या, त्या पोराला येतंय, तो परत येईल."