मार्तंडचा उजवा डोळा

"नाई म्हणतो नं गुणवंता! किती डाव सांगू तुले? माह्या तोंडाकडे पाय आधी, मंग बोल. काचेच्या डोयाचा मार्तंड पायला का कोणी?"

"तोंडाले काय झालं देवीदासभाऊ? जवळून समजते, तेबी सांगितल्यावर. मंडपात मागं बसलेल्याले काय दिसते? कोटबी तुमचाच, डायलागबी तुमचेच."

"अन् नजर? नजर कोणाची आणू? उसनी?"

यावर गुणवंता मांडीवरचं लाल कापड उगाच उलटून-पालटून पाहू लागला. पोळा महिन्यावर आला होता, आपल्या जोडीच्या झुलीसाठी कापड घेऊन तो जाम नदीपलीकडून, सावरगावहून आला होता. झूल कोणीही शिवून दिली असती. पण गुणवंताला बैलाची झूल काय, घरातल्या लेकराचं झबलं काय, देवीदासच्याच हातचं लागायचं.

देवीदास पांढुर्ण्यात बसस्टँडच्या रस्त्यावरचा शिंपी. अंगानं बुटका, पोट थोडं पुढं आलेलं, गळ्यात टेप. वर्षातले सगळे दिवस तो देवीदास टेलर असायचा आणि गणपतीतल्या एका दिवशी गुप्तहेर मार्तंड व्हायचा. मार्तंड हा जुन्या कादंबऱ्यांतला. वाचनालयातल्या त्या पुस्तकांची पानं हाताळून हाताळून भाकरीसारखी मऊ झाली होती. गणेशमंडळाच्या यशवंतरावांनी त्यातल्याच एका कथेचं नाटक बसवलं होतं, आणि दरसाली तेच व्हायचं. चोर मुनीम आहे हे शेंबड्या पोरालाही पाठ. तरी बोरगाव-सौसरहून बैलबंड्या भरून लोक यायचे, ते नजर पाहायला.

नजर म्हणजे शेवटचा प्रवेश. संशयित रांगेत उभे. मार्तंड बोलत नाही. डावा डोळा मिटतो, उजवी भिवई वर चढवतो, आणि त्या एका उघड्या डोळ्यानं पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत माणसं अशी निवडत जातो, जशी बाई सुपात तांदूळ निवडते. मांडवात लेकरू रडत नाही. मग हात वर जातो आणि बोट सरळ मुनिमावर.

पुस्तकातला मार्तंड उंच, सडपातळ आणि गोरा. सौसरची एक मास्तरीणबाई म्हणाली होती, की देवीदासचं काम पाहिल्यापासून पुस्तक उघडलं तरी मला बुटका मार्तंडच दिसतो. ह्याच्याहून मोठं बक्षीस कोणत्या नटाला भेटते?

आणि लोक तिथंही थांबत नव्हते. कोणाची कोंबडी गेली, कोणाचा दोर गेला, की दुकानात येऊन उभे. "टेलरसाहेब, एकडाव आमच्या शेजाऱ्यावर नजर टाका ना." देवीदास म्हणायचा, "बाई, मी शिंपी हावो. कोंबडीचं माप घेता येत नाई मले." पण जाता-येता टाकायचा एक नजर. दोनदा तर कोंबडी खरंच परत आली. खोटं कायले बोलावं, त्याला गोड वाटायचं. घरी बायको इंदू म्हणायची, "बाहेर मार्तंड अन् घरात स्वतःचा चष्मा सापडत नाई." तेही त्याला गोडच वाटायचं.

या सगळ्या चाहत्यांत गुणवंता पहिला. घरी दोन एकर, बाकी दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरी. पण मार्तंडाचं नाटक त्याला तोंडपाठ. वखर हाणतानाही बैलाला मार्तंडाच्या आवाजात विचारायचा, "काल रात्री तुम्ही कुठं होता?"

मागच्या साली, चौऱ्याऐंशीच्या पोळ्यानंतर, नेहमीसारखी गोटमार झाली. जामच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, जो काढेल ते गाव जिंकलं; इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधून दगडगोटे. देवीदासही दरसालसारखा पाण्यात उतरला होता, गुडघाभर. गोटे तो फारसे मारत नव्हता, शिंप्याचा हात सांभाळायचा असतो. पण गाव उतरलं, की आपण काठावर उभं राहावं, हे त्याला जमत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "मार्तंडसाहेब! झेंडा कोण नेते ते सांगा!"

डोक्याला शेला गुंडाळलेला गुणवंता. त्यानं दोन बोटं भिवईला लावून सलाम ठोकला. बाजूचे पोट्टे हसले. इकडचेही हसले. दोन्ही काठांवर टाळ्या पडल्या. देवीदास थांबला. वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या मधोमध, पाय रोवून उभा राहिला, डावा डोळा मिटला, उजवी भिवई चढवली आणि साऱ्या सावरगाववर नजर फिरवू लागला. अर्ध्या रांगेपर्यंत पोचला असेल.

गोटा उघड्या डोळ्यावरच बसला.

नागपूरला नेलं. डोळा काढावा लागला. मग काचेचा बसवला. त्या साली नाटक झालंच नाही.

गोटमारीत लागलेला गोटा कोणाचा, हे तिथं कोणी विचारत नसते. हात मोडो, डोकं फुटो, दुसऱ्या दिवशी मारणारा आणि मार खाल्लेला एकाच टपरीवर चहा पितात. विचारायला लागलं तर दोन गावांना एक नदी पुरायची नाही. देवीदासनंही विचारलं नाही. पण पांढुर्ण्याच्या पोट्ट्यांना ते पटत नव्हतं. "मार्तंडाले मालूम नसन का? त्यानं पायलं असन. तो शेवटच्या प्रवेशाची वाट पाहून राहिला." अशी कुजबूज दुकानासमोरून जायची. देवीदास मशीन जोरात चालवायचा.

डोळा गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी गुणवंता भुट्टे घेऊन आला. पुढच्या रविवारी पुन्हा. भुट्टे सरले तर शेंगा, शेंगा सरल्या तर संत्री. बसायचा, काजं-बटनं करून द्यायचा, सुईत दोरा ओवून द्यायचा, कारण एका डोळ्याला सुईचं नाकं जवळ आहे का दूर, हे समजत नाही. त्या हाकेबद्दल तो कधी बोलला नाही. देवीदासही नाही. आता साल पुरं होत आलं, तर त्यानं हा एकच धोशा लावला होता, की यंदा मार्तंड तुम्हीच करा.

"करा ना भाऊ," कापड खाली ठेवत गुणवंता पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज वेगळा झाला. "तुम्ही उभे झाले, तर... तर मले झोप लागन."

देवीदासनं त्याच्याकडे पाहिलं. मग झुलीच्या कापडावर खडूनं रेघ ओढली. "येत्या रविवारी दुपारी तालीम हाय म्हणते यशवंतराव. पाहून घेऊ."

खरं म्हणजे त्यालाही जायचंच होतं. हाक मारायला कोणीतरी पाहिजे होतं.

रविवारी मंडळाच्या टिनाच्या शेडात गर्दी झाली. तालीम असून गर्दी! मार्तंड परत उभा राहून राहिला, ही बातमी बाजारभर फिरली होती. पोट्टे खिडक्यांत चढले. यशवंतरावांचा सडपातळ भाचा कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता, देवीदास येत नाही म्हणून त्याला मार्तंड द्यायचं ठरत होतं. गुणवंता पुढं, संशयितांची रांग जिथं संपते त्या स्टेजच्या टोकाखाली, पोत्यावर बसला.

देवीदासनं कोट चढवला. स्वतःच शिवलेला, काळ्या सर्ज कापडाचा. पहिलाच डायलाग टाकला आणि टाळी पडली. दुसऱ्याला शिट्टी. अंगात एकदम ऊब आली. कोठीत ठेवलेलं धान्य वर्षानं हातात घ्यावं, तसे शब्द येत गेले, एकाला कीड नाही. इंदू दाराशी उभी होती, ती पदर दातात धरून पाहत होती.

शेवटचा प्रवेश. संशयित रांगेत. देवीदासनं भिवई चढवली. डावा डोळा मिटला.

काळोख.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. घरी आरशासमोर करायची त्याची हिंमत झाली नव्हती, एवढंच. टिनाखाली बसलेलं सारं पांढुर्णं त्या काळोखात श्वास धरून बसलेलं त्याला ऐकू येत होतं. दुरून कोणाला समजत नव्हतं. काचेचा डोळा उघडा होता, चकाकत होता. लोकांना तीच नजर दिसत होती. त्यानं सवयीनं मान फिरवली, पहिला, दुसरा, तिसरा. मुनीम कुठं असेल, ते पायांच्या आठवणीनं ठरवलं. हात वर नेला आणि बोट केलं.

टाळी पडली नाही.

"हो भाऊ," खालून आवाज आला. "मीच. मीच आवाज देल्ला होता."

देवीदासनं डावा डोळा उघडला. बोट मुनिमाला सोडून, रांगेच्या टोकाच्या खाली, पोत्यावरच्या गुणवंतावर पडलं होतं. गुणवंता उभा राहिला होता.

मग शेड फुटली. "सापडला! सालभर धरून ठेवला होता मार्तंडनं!" अशी टाळी देवीदासच्या उभ्या जन्मात पडली नव्हती. पोट्टे खिडक्यांतून खाली उड्या मारून आले. "सावरगावचाच निघाला! आवाज देऊन उभं केलं अन् मारलं!" एकानं गुणवंताची कॉलर धरली, दुसऱ्यानं मागून हात. "भाऊ, तुम्ही फक्त हो म्हणा!"

देवीदास वर उभा होता. फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिला असता, तर तो मरेपर्यंत मार्तंड राहिला असता.

त्यानं नखानं काचेच्या डोळ्यावर टिचकी मारली. टक्. मग अजून एकदा. टक्.

"आयकून राहिले? इथून काई दिसत नाई. अंधारात बोट केलं म्या. यशवंतरावावर पडलं असतं, तर त्यालेबी धरलं असतं का बे? सोड त्याले."

कॉलर सुटली. कोणीतरी खोकलं.

"गोटा कोणाचा, हे आपल्या इकडे इचारत नसतात. अन् आवाज ऐकून थांबलो मी. गोटे चालून राहिले अन् मी टाळी घ्याले थांबलो. त्यात त्याचा काय कसूर?" कोटाची बटनं काढत तो म्हणाला, "कोट भाच्याच्या मापाचा करून देतो, यशवंतराव."

लोक एकएक करून उठले. कोणी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. टक् असा आवाज करणाऱ्या डोळ्याकडे कोण पाहणार? एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "आमच्या कोंबडीच्या टायमालेबी असाच अंदाजा होता का?" आणि स्वतःच ओशाळली.

गुणवंता शेवटपर्यंत थांबला. "तुमाले मालूम नव्हतं?"

"आवाज तुहा होता, हे पयल्या दिवसापासून मालूम होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? तू भुट्टे आणून राहिला होता, मी खाऊन राहिलो होतो. चालून राहिलं होतं नं बाप्पा." देवीदासनं कोट हातावर टाकला. "आता शेडभर लोकाईनं आयकलं. आता ते आपल्या दोघाईच्या मंधात बसन."

गुणवंतानं दोन बोटं उचलली, भिवईपर्यंत नेली नाहीत. खाली मान घालून नदीकडे गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. पोळ्याला दोन दिवस उरले, तेव्हा इंदू म्हणाली, "त्याच्या झुली राहू द्या आता. तो नाई येत."

"तो नाई येत तर त्याचा भाऊ येईन. बैलाईनं काय केलं?"

भाच्यासाठी उसवलेला कोट खुंटीवर लटकला होता, एक बाही आतून पांढरी. देवीदासनं लाल कापड मशीनवर ओढलं. वरच्या बाजूला गोंडे हातानं टाचायचे होते. त्यानं सुई उजेडासमोर धरली, दोरा पुढं नेला, तो नाक्याच्या बाजूनं गेला. परत नेला, परत गेला. मग सुई आणि दोरा त्यानं इंदूपुढं केला. तिनं ओवून दिला. त्यानं गाठ मारली आणि पहिला गोंडा टाचायला घेतला.