मोटारकाकांची बसकी गाडी

मोटारकाका भर रस्त्यात आडवे होत. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी अशा पोशाखात गाडी थांबवून उतरत, टोपी काढून सीटवर ठेवत आणि मातीला गाल टेकवून गाडीच्या पोटाखाली बघत. गाडी आणि जमीन यांच्यामधून किती उजेड दिसतो, ते त्यांना पाहायचं असे. "अजून लई उजेड हाय," असं पुटपुटत ते उठेपर्यंत चार माणसं जमलेली असत. कुणी विचारी, "काय सांडलं का राव?" काका कोट झटकत म्हणत, "सांडलं नाय. गाडी खाली घ्यायचीय जरा." शेजारच्या सीटवर मी बसलेली असे. मी माझ्या बुटांकडे बघत राही, आणि ते बूट पुण्याचे आहेत हे जुन्नरच्या त्या चार माणसांनाही दिसतंय, असं वाटून पाय आत ओढून घेई.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही पुण्यात राहत होतो आणि मी इंग्रजी शाळेत होते. सुट्टी लागली की मला जुन्नरला धाडत, कारण काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. शाळेतल्या मुलींच्या काकांच्या गाड्या बंद दारांच्या, काळ्या आणि ड्रायव्हरने चालवायच्या असत. माझ्या काकांची गाडी लाल, उघडी आणि दोनच माणसांची. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. जमीन होती, मळा होता, पण गाव त्यांना मोटारीवरूनच ओळखे. मैत्रिणींनी "सुट्टीत काय केलंस?" असं विचारलं की मी सगळं सांगे, गाडी तेवढी गाळून.

काकांना एकट्याने आनंद होतच नसे. ओळखीचं माणूस दिसलं की भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा, गाडी हळू करायची आणि मोठ्याने विचारायचं, "काय पावणं, कवा आला?" अनोळखी दिसलं तर दोनदा दाबायचा. बाजारपेठ पार करायला आम्हाला टांग्यापेक्षा जास्त वेळ लागे. "माणसाला हाक मारली म्हंजे गाडीला पेट्रोल कमी लागतं," असं ते मला गंभीरपणे सांगत. मी पुस्तकात डोकं घातलेलं असे. तेच पान पुन्हा पुन्हा वाचत.

त्या गाडीत काकू मात्र कधी बसल्या नव्हत्या. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, अवसरीला. तिथे त्यांची आई होती, थकलेली. विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्यापासून काकूंची कंबर धड नव्हती. भाड्याने माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने अवसरीला जाऊन आल्या की त्या अंथरुणाला खिळत, म्हणून जाणंच बंद झालं होतं. निरोप येत, "आई वाट बघती." काकू निरोप आणणाऱ्याला चहा देत आणि मग बराच वेळ चुलीपाशी बसून राहत. काका म्हणत, "गाडी दारात हुभी हाय की." काकू माझ्याकडे बघून उत्तर देत, कारण नवऱ्याशी असं समोरासमोर बोलायची त्यांची रीत नव्हती. "मागं जागा असती तं बसले असते म्हणावं. अशी म्होरं, शेजारी, साऱ्या गावाला दिसंल अशी कशी बसू?" गाडीला मागे जागाच नव्हती. चालत निघाले तर काकू काकांच्या चार पावलं मागे असत.

एके दिवशी काका मला वेशीजवळच्या उस्तादांकडे घेऊन गेले. उस्ताद टांग्यांच्या कमानी आणि पाटे करत. पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. टांग्याचा काय किंवा मोटारीचा काय, भार त्यांच्यावर. उस्ताद आवाजाने दणदणीत आणि बढाईखोर होते. त्यांच्या आजोबांच्या कमानीवर बसून एक कलेक्टर झोपी गेला होता, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. काकांनी मला गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचायला लावली. मी हळू आवाजात सांगितलं, "यात लिहिलंय की पाट्यांना हात लावू नका."

"साहेब जुन्नरात ऱ्हातो का?" उस्ताद म्हणाले. "ऱ्हात नसंल तर ते पुस्तक मिटव, बेबी. मालक, तुमी आधी एक ठरवा. गाडी खाली पायजे का मऊ पायजे? मऊ पाटा खाली आणला तर खड्ड्यात गाडी टेकणार. टेकू नये म्हणून कडक केला तर भाभींची कंबर जाणार."

"दोन्ही पायजे," काका म्हणाले. "नायतर म्हमईला नसतो गेलो?"

"म्हमईवाले काय टांग्यात बसून मोठे झालेत? पण खाली कशापायी? वळणावर धरून ऱ्हाती म्हणता, पण वळणं तर तुमी बैलगाडीवानी घेता."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. मग, मी तिथे नाहीच अशा आवाजात बोलले, "आवो, ती उंच बसली की गावाला दिसती. म्हणून नाय म्हणती. गाडी खाली गेली म्हंजे दाराच्या आड झाकून बसंल. वळणाचं आपलं लोकांना सांगायला."

मोठा माणूस आपल्या बायकोविषयी असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझे कान तापले. उस्तादांनी उगाच भाता दोनदा ओढला. मग म्हणाले, "आणा गाडी आत." काकांच्या त्या हिशेबात काही चुकतंय, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पाटे कसे बसलेत ते ठरवायची युक्ती काकांची. तपेलीत ताक काठोकाठ भरायचं, ती माझ्या मांडीवर द्यायची आणि बाजारातून नदीपर्यंत जाऊन यायचं. "काकूच्या कंबरंला काय वाटंल ते तपेली सांगंल," असं ते म्हणत. उस्तादांनी आधी एक पट्टी काढून टाकली. गाडी छान खाली बसली, झोपाळ्यासारखी मऊ झाली, आणि पहिल्याच खड्ड्यात खालून असा दणका बसला की ताक माझ्या झग्यावर आलं. मग त्यांनी जाड पट्ट्या घातल्या. गाडी टेकली नाही, पण बारीक खडीवरसुद्धा दात वाजायला लागले आणि ताक पुन्हा माझ्याच अंगावर. परत येताना काकांनी भोंगा वाजवून कांद्यांच्या गोण्यांवर बसलेल्या एका माणसाला ओरडून सांगितलं, "कडक झालीय!" तो माणूस माझ्या ओल्या झग्याकडे बघत होता. अंगाला आंबूस वास येत होता, माश्या घोंघावत होत्या, आणि पुण्यातलं कुणी इथे येण्याची सुतराम शक्यता नसताना मी प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याकडे दचकून बघत होते.

काका आणि उस्ताद त्या सुट्टीभर भांडले. शेवटी उस्तादांनी पातळ पट्ट्या घेतल्या, नेहमीपेक्षा जास्त, लांब, जवळजवळ सपाट. त्यांच्यामध्ये चरबी भरली. आणि सगळ्यांच्या खाली एकच आखूड, जाड पट्टी अशी ठेवली की एरवी तिच्यावर भार येऊच नये. मोठा दणका बसला तरच बाकीच्या वाकून तिच्यावर टेकाव्यात. त्या दिवशी तपेलीतलं ताक डचमळलं, पण सांडलं नाही. काका रस्त्यात आडवे झाले. उठले तेव्हा त्यांच्या गालाला धूळ होती आणि डोळ्यांत पाणी. "बास," ते म्हणाले, "एवढा उजेड पुरे."

काकू हो म्हणाल्या. निघायचा दिवस नेमका बाजाराचा होता, पण त्यांच्या आईचा निरोप आला होता, म्हणून थांबायचं नव्हतं. काकांनी मला आणि उस्तादांना वेशीजवळ, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीपाशी उभं केलं, गाडी तिथून जाताना पाटे कसे वाकतात ते बघायला. मी लांबूनच गाडी येताना पाहिली, आणि काकांचा हिशेब कुठे चुकला ते एका क्षणात समोर दिसलं. पूर्वी गाडीत बसलेल्याचं तोंड लोकांच्या तोंडासमोर येई. आता रस्त्यावरचा प्रत्येक माणूस गाडीपेक्षा उंच झाला होता. पाटीवाली बाई वाकून बघत होती. ओट्यावरचे पुरुष उठून बघत होते. एक टांगा गाडीला खेटून चालला होता आणि टांगेवाला वरून, विहिरीत डोकावावं तसं, थेट काकूंच्या मांडीवर बघत होता.

"राम राम राव! आत कोण म्हणायचं? वैनीसाहेब का? आवो, खड्ड्यात बसल्यावानी दिसत्यात!" टांगेवाला ओरडला.

काका भोंगा वाजवत होते. त्यांना हाक मारल्याशिवाय राहवत नव्हतं. "अवसरीला चाललोय!" ते सांगत होते. "दोघंबी!" काकूंनी पदर हनुवटीच्याही खाली ओढला होता. मोरीवरून गाडी तरंगत गेली. "बघ बेबी," उस्तादांनी माझा खांदा हलवला, "हाललं सुदिक नाय!" त्यांनी फक्त चाकाकडे पाहिलं होतं.

थोड्या वेळाने मी पेठेतून घराकडे चालले होते, तेवढ्यात काका एकटे परत आले. वेशीबाहेर जाताच काकूंनी गाडी थांबवायला सांगितली होती आणि उतरून त्या शेतातल्या बांधांवरून घरी चालत निघाल्या होत्या. काकांना घरी यायला मात्र बाजारातूनच यावं लागलं. शेजारच्या सीटवर काकूंनी आईसाठी बांधून घेतलेलं लाडवांचं गाठोडं तेवढं होतं. "काय राव, वैनी वाटंत पडल्या का?" कुणीतरी ओरडलं आणि सगळी पेठ हसली. काकांनी भोंगा वाजवला नाही, कुणाला हाक मारली नाही. मला पाहून ते थांबले. मी आत बसले, गाठोडं मांडीवर घेतलं. इतके दिवस मला त्यांची लाज वाटत आली होती. त्या दिवशी त्यांना स्वतःची वाटत होती, आणि ते बघणं जास्त अवघड होतं.

काकूंनी दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता मला निरोप दिला. "गाडी वंगाळ नाय म्हणावं. कंबरंला काय कळलं सुदिक नाय. पण गावातनं नगं. नदीपल्याडनं बसंन. आन् ते भोंगं नगं वाजवायला." मी तो निरोप मोटारीमागे उभी राहून, एका दमात, मान खाली घालून सांगितला. काका चाकापाशी वाकले होते, ते सरळ झाले. "पल्याडनं बसंन म्हणाली?" त्यांनी विचारलं. मग पाना घेतला आणि भोंगा गाडीवरून काढूनच टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पूजेचं ताट घेऊन निघाल्या, देवाला निघाल्यासारख्या, आणि सोबतीला मी. बाई एकटी नदीपलीकडे जात नसे. कुकडीला पाणी थोडं होतं. पलीकडे चिंचेखाली लाल गाडी उभी होती. सीटवर घोंगडी घडी करून अंथरलेली. काका टोपी हातात घेऊन, दार उघडून उभे होते आणि भलतीकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झालेलं माणूस तसं उभं राहतं, हे मला माहीत नव्हतं. काकू लुगडं सावरून आत बसल्या. देवाला जाऊन आल्यासारखं दिसावं म्हणून मी ताट घेऊन परत निघाले. धुणं धुणाऱ्या बाईने विचारलं, "काकू कुठायत गं?" मी म्हटलं, "पुढं गेल्यात." माझा चेहरा असा झाला असावा की तिने पुढे विचारलं नाही.

दिवस कलायच्या आधी मी पुन्हा चिंचेखाली जाऊन बसले. गाडी दिसायच्या आधी मला हसू ऐकू आलं. बाईचं, मोकळं, मोठं. ते कुणाचं आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण काकूंना मी हसताना ऐकलंच नव्हतं. गाडी वळणावरून आली तेव्हा त्यांचा पदर खांद्यावर होता आणि केस धुळीने पांढरे झाले होते. काका हातवारे करून काहीतरी सांगत होते, बहुधा त्यांच्या सासूबाईंची नक्कल. मला पाहताच काकूंचा हात पदराकडे गेला. मी घाईने तोंड नदीकडे फिरवलं आणि गाडी थांबून दोघं उतरेपर्यंत तशीच उभी राहिले.

पुढे ते असेच जात राहिले, नदीपलीकडून. गावातून जाताना काका एकटे असत, आणि भोंगा नाही म्हणून तोंडाने ओरडून हाका मारत. मग मी कॉलेजात गेले आणि माझं जाणं कमी झालं. एक दिवस वडिलांना तार आली. काका मळ्यात काम करता करता बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. उस्ताद अंगणात एका बाजूला बसून होते. समाचाराला आलेला एक गृहस्थ काकूंसमोर म्हणाला, "लई हौशी माणूस. गाडी काय, थाट काय! लई मिरवला." काकूंनी माणसांमध्ये कधी कुणाचं बोलणं खोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"मिरवले," त्या म्हणाल्या. "पर मला नाय मिरवलं कधी."

मला बाजाराचा दिवस आठवला. काकू तो विसरल्या असतील, असं मला वाटत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. खरंच आहे, अशी मी मान हलवली. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पावण्यांच्या चहाचं बघायला आत गेल्या.