गाईनं खाल्लेली अक्षरं

ये वं बाई, अशी सरकून जवळ बस. कागदावरूनच बोलते आहे, तरी जवळ बस, कारण मला तुला रागवायचं आहे आणि लांबून रागवलं की त्याचं भांडण होते. मागच्या महिन्यात लग्नाच्या मांडवात काय म्हणालीस, आठवते का? "मामी, माझ्या वर्गात एक लेकरू आहे, नुसता भुसा भरलाय डोक्यात." सगळ्या हसल्या. मी पानाला चुना लावत होते, म्हणून गप्प राहिले. पण तेव्हापासून ते पान काही मला पचलं नाही बघ. इतकी शिकलेली तू, मास्तरीण झालेली, आणि लेकराला भुसा म्हणतेस?

मी चौथीपर्यंतच शाळेत गेले. पुढचं सगळं वाचणं किराण्याच्या पुड्यांवरचं. तेल-मिठाची पुडी सोडायची, मीठ डब्यात आणि कागद माझ्या हातात. त्या वेळी आमच्या गावात, देवळीच्या अलीकडे, बालवाडी नवीनच निघाली होती. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट ही. बायकांमध्ये वाचता कोणाला येते म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. झाले मी बाई. वर्ध्याला काही दिवस शिकवून आणलं आम्हाला. लेकरांना हसत-खेळत शिकवा म्हणाले. कशानं खेळवायचं, ते आमचं आम्हीच पाहायचं होतं.

आमच्या समोरच्या घरची एक पोरगी होती. माझ्याच बालवाडीतून पहिलीत गेली आणि तिथंच अडकली. बोलायला अशी की रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून त्याच्या सासुरवाडीची चौकशी करेल. गाणी सगळी पाठ. पण पाटी समोर आली की तोंडाला कुलूप. पहिलीचं दुसरं वर्ष चालू होतं. दिवाळीनंतर गुरुजी तिच्या आईला म्हणाले, "संक्रांतीपर्यंत वाचायला लागली तर ठीक. नाही तर उगाच कशाला बसवून ठेवता?"

आई म्हणाली, "नाई येत तं वावरात येऊ द्या गुरुजी. वेचणी सुरू हाये. लहाना तरी सांभाळन."

माय वाईट नव्हती वं. पाठीला वर्षाचं तान्हं, कमरेला कापसाची ओटी, तिनं तरी काय म्हणावं? पण पोरीनं ते ऐकलं. माझ्या ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, "बाई, मले शाळेतून काढून राह्यले."

मी पाटीवर दोन अक्षरं लिहिली आणि विचारलं, "काय दिसते तुले?"

"मुंग्या."

"काऊन वं, मुंग्या काऊन?"

"उभे नाई राहत ना ते. पयतेत इकडे तिकडे."

आता सांग, याला भुसा म्हणायचं? तिनं मला खरं ते सांगितलं होतं. मलाच त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

कळलं ते रविवारी, तिच्या आईसोबत मीही वेचायला गेले तेव्हा. पोरगी शेजारच्या तासात होती. मान वळवून सडकेवरची एसटी पाहून राहिली होती आणि दोन्ही हात बोंडांवर चालू. चांगला कापूस ओटीत, कवडी झालेला, किडका, बाजूला. एकदाही खाली पाहिलं नाही. मी मागून जाऊन तिचे डोळे झाकले. हात थांबले नाहीत.

"कवडी कशी वयखतं वं?"

"हाताले समजते ना बाई!" मीच येडी असल्यासारखी हसली.

हाताले समजते. मग अक्षरही हातालाच का सांगू नये? घरी आल्यावर खोक्याचा पुठ्ठा कापला, कणकेची खळ शिजवली आणि गाईसाठी आणलेल्या सरकीतून मूठभर घेऊन एक मोठा 'क' चिकटवला. सरकीला ती बारीक लव असते बघ, बोटाला बरोबर लागते. पोरीनं डोळे मिटून बोट फिरवलं, मोठ्यानं 'क' म्हटलं, पुन्हा फिरवलं. मग परातीत चाळलेली राख पसरली, त्यात बोटानं काढला. डोळे उघडून म्हणते, "हा नाई पयत, बाई."

रोज एक अक्षर. 'च' च्या दिवशी जिभेवर चिंच. 'घ' आणि 'ध' मात्र तिला छळायचे, दिसायला सख्खे भाऊ. मग 'घ' म्हणताना तिचा हात गळ्याला लावला, तिथं कसं गुरगुरते ते पाहा म्हटलं. 'ध' ला जीभ दाताला. माझी सासू भिंतीला टेकून वाती वळत सगळं पाहायची. "पोट्टीले शिकवून राह्यली का मंतर मारून राह्यली वं?" म्हणायची.

संक्रांत दोन दिवसांवर आली. पुठ्ठे हाताळून मळले होते, सरकी गळत होती. म्हटलं, परीक्षेआधी एक चांगला संच करून द्यावा. सकाळभर बसून सगळी अक्षरं नवीन चिकटवली, खळीत थोडं मीठ पण टाकलं, किडे लागू नयेत म्हणून. ओसरीच्या खाली उन्हात वाळत मांडली आणि दिवस कलल्यावर विहिरीवर गेले. दुभत्या गाईच्या वाटेवर सरकी ठेवू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणते. मी बाई झाले आणि नेमकं तेवढंच विसरले. वरून मीठ लावून ठेवलं!

परत आले तर सांजच्या कळपातून आमची गवळाऊ गाय आलेली. निवांत उभी, तोंडातून अर्धा पुठ्ठा लोंबतो आहे.

सासू दारातून म्हणाली, "आता गाईले घाल पहिलीत. लवकर पास होईन."

मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी तिला गुरुजींपुढं उभं करायचं होतं, आणि हातात राहिले होते चाटलेले, ओले पुठ्ठे. पोरगी आली, पाहिलं, आणि हसता हसता खालीच बसली. मला रडू येत होतं आणि ही हसते! मग तिनं एक पुठ्ठा उचलला. सरकी गेली होती, पण सुकलेल्या खळीचा उंचवटा तेवढा राहिला होता. डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं.

"हा 'क' हाये." दुसरा उचलला. "हा 'त'. हा 'म', याची शेपटी खाल्ली." असे सगळे पुठ्ठे तिनं लावून टाकले आणि थांबली. "'घ' नाई बाई. 'ल' नाई. अन् 'व' नाई. हे पोटात गेले तिच्या."

मग तिनंच पोत्यातली सरकी ओंजळीत आणली आणि शेणानं सारवलेल्या भुईवर तिन्ही अक्षरं मांडून दाखवली. मी हलले नाही बाप्पा. हललं तर मोडेल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी फळ्यावर 'मका' लिहिलं. पोरगी नुसती पाहत राहिली. दारात तिची आई, कडेवर तान्हं. आईच्या मागं मी. मला वाटलं, निघाल्या मुंग्या. तेवढ्यात तिचं बोट फ्रॉकवर मांडीशी फिरायला लागलं. "म... का. मका."

गुरुजींनी 'घर' लिहिलं. "धर," ती म्हणाली. मग थांबली. हात हळूच गळ्याशी गेला. "घ. घर."

"गळ्याला काय झालं हिच्या?" गुरुजी म्हणाले.

"काही नाही गुरुजी," मी म्हटलं, "'घ' तिथं राहतो."

तिसरा शब्द तिला आला नाही, खोटं कशाला सांगू. गुरुजींनी तिच्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाव राहू द्या. पण आणखी एक वर्ष पहिलीच." आणि, गाईची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली असणार, मला हळूच विचारलं, "बाई, सरकी उरली असेल का थोडी?"

आईनं वाटेत पोरीचा हात धरला, बोटं उलटी-सुलटी करून पाहिली. "माह्यावरच गेली," म्हणाली. लहानग्याला वेचणीच्या दिवसांत मग मीच माझ्या बालवाडीत झोळीत घेतलं.

काही वर्षांनी देवळीच्या स्टँडवर मायलेकी दिसल्या. आई विचारत होती कोणती गाडी, आणि पोरीचं बोट लुगड्याच्या निऱ्यांवर चाललं होतं. आता ती लुगडं नेसत होती. "आर्वी नाई माय, वर्धा हाये. चाल." मी हाक मारली नाही. गाडी सुटली असती त्यांची.

म्हणून म्हणते, त्या तुझ्या लेकराला एकदा विचार, तुला काय दिसते? आणि सुट्टी लागली की येजो, त्यालाही घेऊन. पुठ्ठे कापून ठेवते. आता दारात गाय नाही, भिऊ नको. फक्त लवकर येजो. माझ्या बोटांनाही आताशा सगळं पहिल्यासारखं समजत नाही.