मूळ वहीवरचा मार्कर

खासगी संस्था बालगृहं चालवतात आणि सरकार त्यांना दर मुलामागे अनुदान देतं. त्या फायली माझ्या टेबलावरून जात. सही माझी नसे. मी तपासून पुढे पाठवत असे. सही करणाऱ्या साहेबांना वाटे, हिने पाहिलंय. मला वाटे, ते पाहतील. बरीच वर्षं असं सुरळीत चाललं.

मग नारायण पेठेतले एक निवृत्त शिक्षक माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन आले. एका बालगृहाला किती मुलांचे पैसे दिले आणि तिथे मुलं प्रत्यक्षात किती होती, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही पानभर गोषवारा दिला. त्यांनी तो वाचून घडी घातली. "अहो, हे तुम्ही लिहिलेलं आहे. मला त्यांनी लिहिलेलं बघायचंय." संस्थेची मूळ प्रवेश नोंदवही आमच्याकडे तपासणीला आलेली होती. ती त्यांना समोर बसून पाहू देणं भाग होतं.

साहेबांनी बजावलं, मुलांची आणि नातेवाइकांची नावं दिसता कामा नयेत. तेही बरोबरच होतं. नावांवर कागदाच्या पट्ट्या लावता आल्या असत्या. पण पट्ट्या सरकतात, आणि मी कामाला चोख म्हणून ओळखली जात होते. अप्पा बळवंत चौकातून काळा मार्कर आणला आणि दोन दिवस बसून वहीतलं एकेक नाव पत्त्यासकट काळं केलं. मूळ वहीतलं. हे चूक आहे असं मलाही वाटलं नाही, साहेबांनाही नाही.

शिक्षकांनी दोन दिवस सकाळी येऊन वही पाहिली. मुलं सोडून गेल्याच्या तारखा अनुदानाच्या दरमहाच्या आकड्यांशी ताडल्या. गेलेल्या मुलांचेही पैसे महिनोन्‌महिने जात होते. "तुमच्या कार्यालयात काम होतं, हे कळलं," ते निघताना म्हणाले. पुण्यात याला कौतुक म्हणतात. मी ते घरी सांगितलं. पुढे बालगृहाची मान्यता गेली, मुलं दुसरीकडे हलवली, वही आमच्या कपाटात राहिली.

तीन वर्षांनी एक मुलगी आली. त्याच बालगृहात वाढलेली, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, आता खडकीत एका दुकानात कामाला.

"मॅडम, मी चार वर्षांची असताना मला कुणीतरी तिथे आणून सोडलं. आणणाऱ्याचं नाव वहीत असतं म्हणे. तेवढंच बघायचंय."

तारीख तिच्याकडे होती, त्यामुळे ओळ लगेच सापडली. वय चार. अंगावर हिरवा फ्रॉक. आणणाऱ्याचं नातं, मावशी. नावाच्या आणि पत्त्याच्या जागी काळा पट्टा. तिने पान खिडकीशी धरलं, मागून पाहिलं. मार्कर चांगल्या प्रतीचा होता. संस्थेचे बाकीचे कागद कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आमच्या फायलीत फक्त तिचंच नाव होतं.

"म्हणजे मला मावशी आहे," ती म्हणाली. मग काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "हे कुणी केलं?"

"कार्यालयाने," मी म्हणाले.

ती उठून गेली. आठवड्याभरात तिचा अर्ज आला, ठळक गोल अक्षरात, दहा रुपयांचा स्टॅम्प नीट चिकटवलेला. वहीतली नावं ज्याने काळी केली त्या कर्मचाऱ्याचं नाव आणि पद मिळावं. साहेबांनी तो माझ्याच टेबलावर पाठवला. "माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही, असं कळवून टाका."

ते खोटं नव्हतं. मार्करची नोंद कुठेच नव्हती. मी ते वाक्य टाइपही केलं आणि मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुसून टाकलं. त्याजागी माझं पूर्ण नाव आणि पद लिहिलं.

साहेबांनी मसुदा वाचला. "अहो, काळं करताना तुम्हाला कुणी पाहिलं नव्हतं. नाव घालायलाच हवं का?"

"हो," मी म्हणाले. "तिने मला समोर बसून विचारलं होतं."