पहिला थांबा

मावशीच्या भाच्याबद्दल माझं मत कुणी विचारलं, तर मी आधी दार लावून घेते. नाहीतर माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो.

मावशी माझ्या समोरच्या दारात राहते. खरी ती त्याचीच मावशी, पण लहानपणी तो "मावशी, मावशी" ओरडत जिना चढायचा, म्हणून ती सगळ्या इमारतीची झाली. हिची बहीण, म्हणजे त्याची आई, गेली तेव्हा तो नुकता बसायला लागला होता. हिने त्याला उचलून घरी आणलं, आणि पुढे हिच्या लग्नाचा विषय जो काढेल त्याला दार दाखवलं. नोकरी बेकरीत, पहाटे गाडीत पावाचे ट्रे चढवण्याची. अंगाने काटक, तोंडाने फटकळ. बेकरीचा मालकसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. पाण्याच्या मोटरवरून आम्हा दोघींचाही मोठा अबोला झाला होता. तो कसा मिटला, आता कुणालाच आठवत नाही.

तर लग्नानंतरही बायकोसकट मावशीकडेच राहणाऱ्या या भाच्याने मोठं घर घेतलं. "मावशी, तुला स्वतंत्र खोली. खिडकी एवढी मोठी!" असं हात पसरून सांगितलं. हिने खिडकीचं माप विचारलं, आणि या पठ्ठ्याने दिलंही! मावशीने निळं कापड आणून पडदे शिवायला घेतले. समोरच्या दारातून मशीनची खडखड मला ऐकू यायची, आणि मध्येच तिचं गुणगुणणंही. मावशी गुणगुणते, हे मला तेव्हा कळलं.

घर हलवायला त्याने जवळच्याच एका मूव्हर्सवाल्याला काम दिलं. त्यांचा मुकादम आधी सामान बघून गेला. कपाटं उघडून पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "सगळं एकाच ठिकाणी उतरवायचं ना?" त्यावर भाचा घाईघाईने म्हणाला, "चला, जिन्यात बोलू." मी दारात झाडत होते. जिना अरुंद आहे, कपाट वळेल की नाही ते बघत असतील, असं मला वाटलं. माणूस किती चांगलं धरून चालतो बघा.

हलवायच्या दिवशी सकाळपासून चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज. भाच्याची बायको नव्या घरी पुढे गेली होती. मावशी स्टुलावर बसून हुकूम सोडत होती, "अहो, आरसा आडवा नको, उभा धरा! फ्रिजला दोरी बांधा आधी!" सोफा गेला, फ्रिज गेला, भाच्याचा पलंग गेला. मावशीची खाट, ट्रंक आणि शिलाई मशीन तेवढं मागे राहिलं. मग तेही उचललं, आणि पडद्यांचं गाठोडं काखेत मारून मावशी खाली निघाली. तिच्यामागे मी.

ट्रक गच्च भरला होता. भाच्याच्या सामानापुढे जुनी चादर टांगलेली, आणि चादरीच्या अलीकडे, अगदी दाराशी, मावशीची खाट. मावशी तिथेच थबकली.

"मुकादम, माझं सामान शेवटी का चढवलं?"

"बाई, आधी उतरायचं ते शेवटी चढवतात."

"ते मला नका शिकवू. जन्मभर तेच केलंय. लांबच्या दुकानाचा ट्रे आत, जवळच्या दुकानाचा दाराशी. माझं सामान आधी कुठे उतरायचंय?"

मुकादमाने भाच्याकडे पाहिलं. भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

"साहेबांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"तुम्ही सांगा."

"पुलापलीकडचा वृद्धाश्रम. पहिला थांबा तो, मग नवं घर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो! केसाने गळा कापतात तो असा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने माझा हात दाबला. "तू गप्प बस. हा माझा आहे, याचं मी बघते."

"मावशी, तुझ्याच भल्यासाठी गं," भाचा म्हणाला. "आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तिथे तुझ्याकडे लक्ष देतील. गाडीत बसल्यावर नीट समजावून सांगणार होतो."

"मग पडदे कशाला शिवून घेतलेस?"

त्याने खाली पाहिलं. "तुझं मन रमेल म्हणून."

मावशीने गाठोडं छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देणार. दिली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण ती वळली ती मुकादमाकडे.

"पहिला थांबा हाच. उतरवा माझं सामान."

"अगं, संध्याकाळी घरमालकाला चावी द्यायची आहे!"

"भाड्याचा करार माझ्या नावावर, चावी माझ्या कमरेला. तू कोण देणारा?"

मुकादमही आता पेटला होता. "साहेब, तुम्ही मला म्हणालात, बाईंना सगळं माहीत आहे. असली फसवाफसवी करायला आमची गाडी नाही." आणि माणसांना ओरडला, "उतरवा रे!"

खाट, ट्रंक, मशीन, सगळं दाराशीच होतं. भाच्याला उतरवायला सोपं जावं म्हणून तसं ठेवलेलं, ते आम्हाला सोपं गेलं. ट्रक गेला. भाचा ड्रायव्हरशेजारी बसून गेला, मान न वळवता.

वर रिकाम्या घरात फ्रिजच्या जागी भिंतीवर स्वच्छ चौकोन उरला होता. मावशी खाटेवर बसली आणि रडली. दुःखाने थोडी, रागाने जास्त. "उष्टावण मी केलं त्याचं," एवढंच म्हणाली. मग उठली, गाठोडं सोडलं आणि पडदा आपल्या खिडकीला लावून पाहिला. हातभर लांब होता, जमिनीवर लोळत होता. "धर गं," ती म्हणाली. मी टोक धरलं आणि तिने कात्री चालवली.

पडदे छान बसले. उरलेल्या निळ्या तुकड्यांचं तिने जाड पायपुसणं शिवलं आणि दाराबाहेर टाकलं.

पुढे एकदा भाचा आला, फळांची पिशवी घेऊन. मी माझ्या दारातच होते. त्याने बेल वाजवली, दार उघडेपर्यंत त्या निळ्या पायपुसण्यावर दोन्ही बूट नीट पुसले, आणि मला विचारलं, "नवीन घेतलं वाटतं मावशीने?"